दुखणं थांबलंय, मग रूट कॅनलची तिसरी सिटिंग कशाला?

जॉबर, अक्कलकोट रोड

नमस्कार मंडळी. मी एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात जॉबर आहे, म्हणजे माग चालू ठेवायचं काम. खालची उजवीकडची दाढ दोन महिने दुखायली होती. गोळ्या खाऊन ढकलत होतो. एका रात्रपाळीला असा ठणका सुटला की कानापर्यंत कळ गेली. सकाळी तसाच दवाखाना गाठला. एक्स-रे बघून म्हणाले, कीड आतल्या नसेपर्यंत गेलीय, रूट कॅनल करावं लागेल.

पहिल्या दिवशी भूल देऊन दाढ उघडली, नस काढली. त्या रात्री दोन महिन्यांनी गाढ झोपलो. दुसऱ्या वेळी मात्र तासभर नुसतं घासणं आणि धुणं. तोंडावर निळं रबर ताणलेलं. केसाएवढी बारीक सुई, तिला जांभळी मूठ. आत घालायची, हलवायची, काढायची, पुसायची, मग पिचकारीनं पाणी. मग पांढऱ्या मुठीची, मग पिवळी, मग परत ती जांभळीच. मी मोजलं, जांभळी सात वेळा आली. पाण्याला पोहण्याच्या टाकीसारखा वास. शेवटी वरून कच्चं सिमेंट लावलं आणि म्हणाले, मुळातली एक नळी अजून नीट साफ व्हायचीय, पुढच्या आठवड्यात या.

आता दुखत अजिबात नाही. दरवेळी एक पाळी बुडते. मेहुणा म्हणतो, बरं वाटतंय तर कशाला जातोस. मला खरं भ्या वेगळंच आहे. एवढं घासून दाढ आतून पोखरली जात नाही का? आणि आहे तिथं थांबलो तर काय होईल?

बाळीवेसकर

मालक, थांबू नका. मी थांबलो होतो. नस काढल्यावर बरं वाटलं, तेवढ्यात घरात लग्न निघालं आणि राहून गेलं. कच्चं सिमेंट कधी झिजलं कळलंच नाही. सात-आठ महिन्यांनी कडक भाकरी चावताना दाढेचा अर्धा तुकडाच निघाला, हिरडीच्या खालपर्यंत चीर गेली. काढण्याशिवाय इलाज उरला नाही. आता त्या बाजूनं शेंगासुद्धा चावता येत नाहीत. एक पाळी बुडू द्या.

दंतवैद्य, जुळे सोलापूर

भाऊ, मी एकोणीस वर्षं दातांचा दवाखाना चालवते. जांभळी सात वेळा आली हे वाचून मला फार बरं वाटलं. तुमचे डॉक्टर मन लावून काम करतायत.

आधी दुखण्याचं बघू. दुखत होती ती नस. ती काढली, दुखणं संपलं. पण तिच्याबरोबर दाढेत रक्त आणणाऱ्या वाहिन्याही गेल्या. आता आत जे जंतू राहतील त्यांच्यापर्यंत तुमचं रक्त पोचत नाही, म्हणून पोटात घेतलेली गोळीही पोचत नाही. तिथं पोचतं ते फक्त आम्ही हातानं घातलेलं औषध. ते जंतू दाढेच्या आत काही दुखवत नाहीत, दुखायला तिथं काही उरलेलंच नाही. मुळाच्या टोकातून बाहेर पडून हाडात शिरले की मग सूज येते. त्याला कधी महिने लागतात, कधी वर्षं.

आता ती जांभळी. आम्ही तिला फाइल म्हणतो. १० नंबरची, म्हणजे टोकाशी ०.१० मिलिमीटर जाड. पांढरी १५, पिवळी २०, लाल २५, निळी ३०. खालच्या पहिल्या दाढेला बहुतेकांना दोन मुळं आणि तीन नळ्या असतात, काहींना चार. मागच्या मुळातली नळी मोकळी असते. पुढच्या मुळातल्या दोन मात्र बारीक, आणि टोकाकडं वळलेल्या. तुमची राहिलेली नळी बहुतेक त्यातलीच. जाड फाइल फिरली की दाताचा भुगा पडतो आणि ओल्या खडूसारखा टोकाकडं दाबला जातो. म्हणून प्रत्येक फाइलनंतर धुवायचं, १० नंबर पुन्हा टोकापर्यंत न्यायची आणि वाट उघडी आहे ना ते बघायचं. बोटांना कळतं ते. वाट उघडी असली तर फाइल आत किंचित चिकटल्यासारखी धरते. भुगा बसला असला किंवा भिंतीला खाच पडली असली, तर नुसती टेकते, धरत नाही.

हे मी पुस्तकात वाचलं होतं, तरी दवाखाना काढला त्या वर्षी चुकले. बाहेर चार पेशंट बसलेले. एका आजींच्या दाढेत १० नंबरकडं परत न जाता थेट २५ पर्यंत गेले. नळी टोकाच्या दोन मिलिमीटर आधी बुजली. खूप प्रयत्न केला, उघडली नाही, आहे तिथंपर्यंत भरली. दीड वर्षानं आजी गाल सुजवून आल्या. माझ्याकडून काय राहिलं ते त्यांना सांगितलं आणि दाढ काढली. त्या काही बोलल्या नाहीत. पदरानं रक्त टिपत बसल्या होत्या, ते अजून डोळ्यांसमोर आहे. तेव्हापासून बाहेर कितीही गर्दी असो, मी १० नंबर सोडत नाही.

पोखरण्याची भीती रास्त आहे, पण घासतो कशासाठी ते बघा. नळी गोल पाइपसारखी नसते. कुठं चपटी, कुठं दोन नळ्यांमध्ये फट, कुठं बाजूला फुटलेला फाटा. फाइल कितीही चांगली असली तरी भिंतींचा तिसरा हिस्सा, कधी त्याहून जास्त, तिच्या हाताला लागतच नाही. तो साफ करायचा पाण्यानं. तुम्हाला वास आला ते सोडियम हायपोक्लोराइट. नसेचे राहिलेले तुकडे विरघळवतं, जंतू मारतं. पण काम करता करता त्याचा जोर संपतो, म्हणून सारखं ताजं घालावं लागतं. शेवटी मिनिटभर १७ टक्के ईडीटीए नावाचं दुसरं पाणी, म्हणजे भिंतीवर लिंपलेला भुगा सुटतो. आणि हे पाणी टोकाजवळ जायचं तर पिचकारीची सुई तिथं उतरायला हवी. आमची बारीक सुईसुद्धा ०.३ मिलिमीटरची. १० नंबरच्या वाटेत ती जाणारच नाही. तेवढी वाट करायची, वर थोडी रुंद, टोकाकडं निमुळती, नळीचं वळण तसंच ठेवून. त्यापुढं घासणं म्हणजे मूळ कमजोर करणं, आणि ते चूकच. वळणावर आता निकेल-टायटॅनियमच्या फाइल वापरतात, त्या नळीबरोबर वाकतात. साध्या स्टीलची जाड फाइल वाकत नाही, सरळ घुसू बघते.

दाढ उघडली, भिंती गेल्या, म्हणजे थोडी कमजोर होतेच. म्हणून वर कॅप. कॅप बसेपर्यंत त्या बाजूनं कडक भाकरी नको.

विजापूर रोड

मॅडम, माझ्या वेळी रबर नव्हतं लावलं. ते पाणी घशात उतरलं, दोन दिवस आग आग. एवढं जहाल पाणी वापरतात तरी कशाला?

दंतवैद्य, जुळे सोलापूर

ताई, तुम्हाला त्रास झाला, वाईट वाटलं. पाणी जहाल आहे म्हणूनच नस विरघळवतं, आणि म्हणूनच रबर लावल्याशिवाय ते वापरू नये. रबर डॅम ही काही नवी चैन नाही, न्यूयॉर्कच्या सॅनफर्ड बार्नम या दंतवैद्यानं १८६४ साली काढलेली गोष्ट आहे. त्यामुळं लाळ दाढेत जात नाही, पाणी घशात जात नाही आणि हातातून निसटलेली फाइलही पोटात जात नाही. पाणी मुळाच्या टोकाबाहेर गेलं तर गाल भयंकर सुजतो, म्हणून सुई नळीत अडकवायची नाही, हलती ठेवायची आणि पिचकारी हळू दाबायची. पुढच्या वेळी खुर्चीत बसण्याआधीच विचारा, रबर लावणार ना? विचारण्यात काही वावगं नाही.

जॉबर, अक्कलकोट रोड

मंडळी, काल जाऊन आलो. पाळी बदलून घेतली. डॉक्टरांना विचारलं, तर त्यांनी १० नंबर माझ्या हातात दिली. आमच्याकडं मागाच्या फणीच्या घरात सूत अडकलं की ते न तोडता काढावं लागतं. ती फाइल धरल्यावर बोटांना तसंच वाटलं.

राहिलेली नळी पुढच्या मुळातलीच निघाली, मॅडम म्हणाल्या तशी. आधी कापसाच्या बोळ्यावर गढूळ पांढरं पाणी येत होतं. डॉक्टर दाखवत होते. पंधरा-वीस मिनिटांनी स्वच्छ यायला लागलं, मग वाळवून भरली. एक्स-रेत तीन पांढऱ्या रेघा दिसतात. एक जाड आणि सरळ, दोन बारीक, आणि त्यातली एक शेवटाला मागच्या बाजूला वळलेली. मेहुण्याला फोटो दाखवला.

कॅप पुढच्या बुधवारी. तोवर भाकरी आमटीत चुरून.