सोनेरी छपाईत इटालिक नावांच्या बारीक रेघा तुटतात, काय करावं?

अमळनेर डीटीपी
राम राम मंडळी. जळगावच्या एका घरची लग्नपत्रिका हाती आहे. गर्द मरून कार्ड, त्यावर सोनेरी स्क्रीन प्रिंटिंग. मुलामुलीची नावं इंग्रजीत, बोडोनी फॉन्टच्या इटालिकमध्ये, म्हणजे तिरप्या अक्षरात. पडद्यावर फार देखणी दिसतात: भरदार दांडा, लगेच केसाएवढी रेघ, आणि मधला अँपरसँड (& हे चिन्ह) तर पिसारा फुलवलेला मोर! पण छापील नमुन्यात त्याच रेघा जागोजागी तुटल्यात. फॉन्ट बदलायचा नाही, हे अक्षर मला मनापासून आवडलंय. शिवाय वधूपित्याला खालची मराठी नावंही तशीच तिरपी हवीत. कोरल सॉफ्टवेअरमध्ये स्क्यू केली, म्हणजे ओढून तिरपी केली, तर चालतील का?

धुळे स्क्रीन
नावांना बारीक आउटलाइन द्या भाऊ. आम्ही तेच करतो, भागतं.

चाळीसगाव छापखाना
आउटलाइन नको रे भो. तिने बारीक रेघ जाड होते, तसा दांडाही फुगतो आणि अक्षराची पोटं बुजतात. या अक्षराचा सगळा तोरा जाड-बारीकच्या फरकात आहे, तोच गेला तर उरलं काय?

सोनेरी शाईचे कण मोठे असतात, म्हणून स्क्रीनची जाळी (जिच्यातून शाई कार्डावर उतरते) मोकळी लागते. मोकळ्या जाळीत इतकी नाजूक रेघ धरत नाही. हे अक्षर घडवणाऱ्या, इटलीतल्या पार्म्याच्या बोडोनीच्या काळी, 18व्या शतकाच्या अखेरीस, प्रत्येक मापाचा टाइप वेगळा कोरत. लहान टाइपात बारीक रेघ जरा जाड ठेवत. आपण कॉम्प्युटरवर मोठ्या मापासाठी काढलेलंच अक्षर लहान करतो आणि फसतो. गूगल फॉन्ट्सवर 'बोडोनी मोडा' फुकट आहे, इटालिकसकट. त्यात ऑप्टिकल साइज, म्हणजे अक्षर कोणत्या मापासाठी घडवलंय ते, 6 ते 96 फिरवता येते. नावं 40 पॉइंटांत असली तरी ऑप्टिकल साइज 11च्या आसपास ठेवून बघा. रेघ टिकेल, डौलही राहील. त्यासाठी कोरल 2020 किंवा पुढचं हवं. जुनं असेल तर इंकस्केप या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये नावं लावून, कर्व्ह करून (अक्षरांचं चित्र करून) आणा.

मराठी मात्र स्क्यू करू नका, हात जोडून सांगतो. इंग्रजी इटालिक म्हणजे नुसतं कललेलं अक्षर नाही. 1501 साली व्हेनिसला आल्दुस मानुत्सिओच्या छापखान्यात ग्रिफोने कोरलेल्या टाइपात ते पहिल्यांदा सबंध पुस्तकात उतरलं, तेही हाताच्या वळणावरून. त्याची घडणच वेगळी. आपलं जाड-बारीक बोरूच्या तिरक्या कापातून येतं. स्क्यू केलं की काना कलतो, शिरोरेघ आडवीच राहते आणि गोलाई चेपते.  मराठी नावांना 'रोझा वन' फॉन्ट लावा. सरळ उभा आहे, पण जाड-बारीकचा फरक बोडोनीच्या तोडीचा. बाकी मजकूर 'मुक्ता'त.

अमळनेर डीटीपी
आणि वडील तिरप्यावरच अडले तर?

चाळीसगाव छापखाना
पडद्यावर दाखवू नका, तिथे सगळंच छान दिसतं. त्याच मरून कार्डावर दोन्ही प्रकार शेजारी शेजारी छापून हातात द्या. रोझाच्याही बारीक रेघा त्याच नमुन्यात तपासा. तिथे ऑप्टिकल साइज नाही, त्यामुळे तुटत असतील तर नावांचं माप वाढवणं हाच इलाज. मराठी नावं इंग्रजीपेक्षा मोठी झाली तर बिघडतं कुठे?

धुळे स्क्रीन
हे ऑप्टिकल साइजचं नवीन कळलं. पुढच्या पत्रिकेला लावून बघतो.