मदत हवी आहे: जुनी मार्टिन युकुलेली – साल कसं ठरवावं, दुरुस्ती कुठे करावी?

नमस्कार मंडळी,

माझी मावशी पेनसिल्व्हेनियातून कायमची पुण्याला आली. तिकडच्या शेजारच्या आजींनी तिला निघताना एक महोगनीची सोप्रानो (लहान आकाराची) युकुलेली, म्हणजे गिटारसारखं छोटं चार तारांचं वाद्य, दिली होती, ती आता माझ्याकडे आहे. वाद्याच्या डोक्याच्या, म्हणजे खुंट्या असतात त्या टोकाच्या, मागच्या बाजूला ठसा आहे: सी. एफ. मार्टिन अँड कंपनी, नाझरेथ (हे पेनसिल्व्हेनियातलं गाव).

मार्टिन म्हणजे गिटारवाले. मूळ पुरुष जर्मनीतल्या सॅक्सनीहून आले, १८३३ मध्ये न्यूयॉर्कला दुकान काढलं, पुढे नाझरेथला गेले. १९०७ साली त्यांनी केलेल्या पहिल्या युकुलेली फसल्या होत्या. गिटारसारखी स्प्रूस लाकडाची तबली (वरची फळी) आणि आत जड पट्ट्या, त्यामुळे आवाज दबलेला. १९१५ च्या सॅन फ्रान्सिस्कोच्या प्रदर्शनानंतर अमेरिकेत हवाईयन संगीताचं वेड पसरलं, तेव्हा त्यांनी पुन्हा हात घातला, या वेळी सगळं अंग पातळ महोगनीचं. १९२६ या एका वर्षात चौदा हजारांवर युकुलेली झाल्या. हे कळल्यापासून मी ती हातात घेतली की ठेववत नाही. खरंच कागदासारखी हलकी आहे, आणि एवढ्याशा पेटीतून केवढा खणखणीत सूर येतो!

कडेला पट्टी नाही, नक्षी नाही, म्हणजे १९२२ पासून निघालेली ‘स्टाइल झीरो’ असावी. खुंट्या लाकडी आहेत, पडदे (दांडीवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) सपाट पट्टीचे आहेत, डोक्याच्या पुढच्या बाजूला कंपनीचं स्टिकर नाही. त्यावरून मी १९२७ च्या आतली धरते आहे. या युकुलेलींवर अनुक्रमांक नसतो, त्यामुळे अडलं आहे. खुंट्या मूळच्याच आहेत की नंतर बसवल्या, हे कशावरून ओळखायचं?

दुसरं जास्त निकडीचं. घोडीखाली (तारा टेकतात त्या पट्टीखाली) तबलीला लाकडाच्या रेषेतून बारीक चीर आहे आणि आतली एक पट्टी सुटून खरखरते. एका दुरुस्तीवाल्याने सुपरग्लू भरून, खुंट्यांची भोकं मोठी करून गिअरच्या खुंट्या बसवायला सांगितलं. माझं मन अजिबात तयार नाही. त्या काळचं काम सरसाचं (जनावरांच्या कातडी-हाडांपासूनच्या गोंदाचं) आहे. सरस ऊब आणि ओलाव्याने सुटतो, म्हणून जोड पुन्हा उघडून नीट करता येतो. सुपरग्लू एकदा लाकडात मुरला की पुढच्या कारागिराचा रस्ताच बंद.

मिरजेला तंबोरे-सतारी करणारी मंडळी सरसाने काम करतात असं ऐकलं आहे. एवढं पातळ वाद्य त्यांच्यापैकी कुणी हाती घेईल का? पुण्या-मुंबईत व्हायोलिन दुरुस्त करणारं कुणी चालेल का? कुणी स्वतः काम करून घेतलं असेल तर अंदाजे खर्च आणि किती दिवस लागले तेही सांगा.

तोवर तारा सैल करून ठेवल्या आहेत. पावसाळ्यात वाद्य ठेवायच्या पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवल्या तर लाकूड जास्तच सुकून चीर वाढेल का, हेही कृपया सांगावं.