ओव्हरटाइमचा दर आता नेमका कशावर काढायचा? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

आमचं छोटं फॅब्रिकेशन युनिट आहे, महाराष्ट्रातच. चोवीस कामगार. हजेरी आणि पगारपत्रक मी बघते.

मागच्या पगारानंतर आमचे सगळ्यात जुने वेल्डर टेबलापाशी आले. हातात खिशात मावेल एवढी वही, त्यात रोजची येण्या-जाण्याची वेळ पेन्सिलीने लिहिलेली. म्हणाले, "ताई, भांडायला आलो नाही. एकदा मोजून बघा फक्त." मोजलं. त्यांचंच बरोबर निघालं. मी दिवसाच्या नऊ तासांवरचं कामच ओव्हरटाइम धरत होते. ते रोज साडेआठ तास, सहा दिवस, म्हणजे आठवड्याला ५१ तास भरत होते. नऊच्या वर एकही दिवस नाही, पण ४८ च्या वर तीन तास. १९४८ च्या कारखाने अधिनियमातही दिवसाला ९ किंवा आठवड्याला ४८, यातलं काहीही ओलांडलं की दुप्पट दर होता. नियम बदलला म्हणून चुकले असंही मला म्हणता येत नाही. सगळ्यांच्या मागच्या हजेऱ्या काढून फरक द्यायला घेतलाय.

ते करताना खरी अडचण लक्षात आली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या. त्यात दिवसाचे तास ८ आणि 'वेतना'ची व्याख्याही वेगळी. घरभाडे, प्रवास भत्ता वगैरे वगळलेल्या रकमा एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाल्या, तर वरचा भाग वेतनात धरायचा. आमच्या आधीच्या सल्लागाराने पगाराची रचना नेमकी भत्त्यांवर फुगवलेली. या वेल्डरांचंच घ्या: मूळ पगार आणि विशेष भत्ता (किमान वेतनातला महागाईनुसार बदलणारा भाग) मिळून १४,५६०, घरभाडे आणि प्रवास १६,६४०, एकूण ३१,२००. सव्वीस दिवस, आठ तास धरून तासाचा दर फक्त मूळ आणि विशेष भत्त्यावर ७० रुपये, निम्म्याच्या नियमाने ७५, पूर्ण पगारावर १५०. दुप्पट केलं की १४०, १५० किंवा ३००. एकाच माणसाच्या एकाच तासाचे तीन दर!

मला वाटतं पूर्ण पगारावरच द्यावा, कारण त्या तासात ते काही अर्धे वेल्डर नसतात. पण दिराला हिशोब पटवायला मला नियमाचा आधार हवा. तुमच्याकडे २१ नोव्हेंबरनंतर कोणता दर धरताय? आणि त्याआधीच्या तासांचा फरक जुन्या व्याख्येनेच काढायचा ना?

दुसरं, किमान वेतनाचा विशेष भत्ता दर सहा महिन्यांनी, १ जानेवारी आणि १ जुलैपासून बदलतो, पण परिपत्रक हातात येईपर्यंत एखादा पगार होऊन गेलेला असतो. मग मूळ पगारातला फरक देतो आणि त्याच महिन्यातल्या ओव्हरटाइमवरचा फरक राहून जातो. माझ्याकडून दोनदा राहिलाय. हे तुम्ही कसं सांभाळता? एक्सेलमध्ये भत्ता वेगळ्या रकान्यात ठेवून ओव्हरटाइम त्याला जोडलाय का कोणी? असेल तर रकान्यांची नावं तरी टाका, मी तशीच शीट बनवते.

सल्लागाराकडे जाणारच आहे, पण या वेळी आधी स्वतःला समजून घेऊन मग जायचंय. पगार सात तारखेच्या आत करायचाय आणि वही अजून माझ्याच ड्रॉवरमध्ये आहे.