मुंबईच्या आरे कॉलनीतल्या पाड्यांना नळ द्यावा की विहीर जपावी?

पाड्यावरची
आमच्या वारली पाड्यावरची विहीर माझ्या आजीच्याही आधीची. मिरगाचा पाऊस झिरपत यायचा, आठवड्यात पाणी निवळायचं. आता अर्धा जून कोरडा जातो आणि मग एका रात्रीत धो धो कोसळतो. वरच्या तबेल्यांचं शेण-मूत, प्लास्टिक, सगळं उतारावरून विहिरीत. गेल्या पावसाळ्यात घरोघरी जुलाब. म्हणून म्हणते, आधी वरचा उतार सांभाळा. कठडा उंच करा, चर खणा, शेण तबेल्यातच अडवा, पहिल्या मोठ्या पावसानंतर पाणी तपासा.

गोरेगावकर
अजिबात पटलं नाही. पिण्याच्या 100 मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय (विष्ठेतले जंतू) सापडताच कामा नये, असं भारतीय मानक सांगतं. उघड्या विहिरीला हे कसं जमणार? टीसीएल पावडर (क्लोरीनची जंतुनाशक भुकटी) टाकाल, पण गढूळ पाण्यात क्लोरीन गाळातच खर्ची पडतो. मुंबई उच्च न्यायालयाने 2014 मध्ये अनधिकृत वस्त्यांचाही पाण्याचा हक्क मानला. तुम्ही तर इथले मूळ रहिवासी. विहिरीचं कौतुक केलंत की नळ टाळायला निमित्तच मिळेल.

पाड्यावरची
नळ नको कोण म्हणतंय? हवाच. पण ते पाणी येतं तानसा-भातशातून, शहापूर तालुक्यातून. तिथल्या पाड्यांवरच्या बायका एप्रिल-मेमध्ये टँकरकडे डोळे लावून असतात. पाऊस लांबला की मुंबईतही कपात. नळाला धार नसेल त्या दिवशी आम्ही विहिरीवरच जाणार, आणि नेमकी तेव्हाच ती तळाला गेलेली, घाण दाटलेली असते.

ओशिवराकाठचा
एक राहून जातंय. शहर स्वच्छ राहावं म्हणून 1949 नंतर गोठे आरेत हलवले. ते शेण आज पाड्यांच्या पाण्यात उतरतंय. ओशिवरा नदीही इथेच उगम पावते, म्हणजे खाली आमच्या दारातही तेच. शेण अडवायचा खर्च पाड्याच्या माथी मारू नका.

गोरेगावकर
कपातीचा मुद्दा मान्य, तेवढ्यापुरती विहीर राहू द्या. पिण्यासाठी मात्र नळच, आणि विहिरीचं पाणी उकळूनच. शिवाय चर खणायचा तर जमीन कुणाची? काही दुग्धविकासाची, काही वनखात्याची. परवानगीतच दोन पावसाळे जातील.

पाड्यावरची
रोज उकळायला गॅस कुठून आणायचा? वनजमिनीचं म्हणाल तर 2006 च्या वनहक्क कायद्याचं कलम 5 वाचा. पाणलोट आणि पाण्याचे स्रोत राखायचा अधिकार तिथे ग्रामसभेला दिलाय. उरलेल्या जागेसाठी आम्ही अर्ज लिहिलाय. नळाचा अर्जही त्यालाच जोडतेय. दोन्हींवर सही करणार का?