विषय: शनिवारची नववीची बॅच: १२० व्होल्टची आयर्न, शुक्रवारपर्यंत काहीतरी ठरवा

प्रेषक: माधवी, कळवा

मंडळी,

आपल्या शनिवारच्या इलेक्ट्रॉनिक्स वर्गासाठी अमेरिकेहून बॅगेतून आलेली बारा सोल्डरिंग आयर्न, म्हणजे डाख द्यायच्या तापत्या कांड्या, शाळेत पोचली. आभार. पण प्रत्येकावर १२० व्होल्ट, ६० वॅट छापलंय. शिपाईमामांनी पिन बदलून एक चालू करून बघितलं, मिनिटभरात मुठीतून धूर निघाला. उरली अकरा, ती कपाटात कुलूपबंद केली आहेत.

शनिवारी ९ वाजता २४ मुलं येतील, दोघांत एक आयर्न. पहिल्याच दिवशी डाख द्यायला शिकवायचंय, पुस्तकी तास घ्यायचा नाही हे आपलंच ठरलेलं आहे. ही आयर्न ठाण्यात चालतील का, एवढंच सांगा. चौथ्या शनिवारी मुलांनी पॉवर सप्लाय बनवायचा आहे आणि त्या दिवशीच्या मेंटॉरची जागा अजून रिकामी आहे. मल्टिमीटरच्या वेळी झाला तसा घोळ या वेळी नको.

प्रेषक: श्रीधर, न्यू जर्सी

माधवीताई, आयर्न चांगली आहेत, टाकू नका. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लावा, २३० चे १२०. अकरा गुणिले ६० म्हणजे ६६० वॅट, तेव्हा १ केव्हीए, म्हणजे साधारण हजार वॅटचा, पुरे. मात्र लोखंडी गाभ्याचा, जड असेल तोच घ्या. प्रवासासाठी १६०० वॅट लिहिलेली हलकी डबी मिळते ती नको. ती नुसती लाट कापते, टोकाचं व्होल्टेज तीनशेच्या आसपासच राहतं. या आयर्नना तापमानाचं बटण आहे, म्हणजे आत सर्किट आहे. ते त्या डबीवर टिकायचं नाही.

प्रेषक: निखिल, घणसोली

ट्रान्सफॉर्मर कशाला? दोन-दोन सिरीजमध्ये टाका. २३० चे निम्मे ११५. अकरातलं एक स्पेअर.

प्रेषक: वसंत, ऐरोली

निखिल, दोन साधे हीटर असते तर कागदावर तरी जमलं असतं. इथे प्रत्येक आयर्न आपापल्या बटणाप्रमाणे बंद-चालू होणार. एक बंद झालं की दुसऱ्याचाही करंट तुटतो, आणि एकाचं आतलं सर्किट शॉर्ट झालं की जोडीदाराला सगळे २३० मिळतात. त्या जोडीदाराच्या मुठीला चौदा वर्षांचा हात असेल. शिवाय पिना दोनच, अर्थिंग नाही. हा विषय माझ्याकडून बंद.

मामांना कोणी बोलू नका. १२० वर ६० वॅट म्हणजे २४० ओहम. त्याला २३० दिले की २२० वॅट ओढणार, साडेतीन पटीपेक्षा जास्त. जळणारच.

श्रीधर, तुझा हिशेब बरोबर आहे, आयर्नच चुकीचं आहे. मुलं झिरो पीसीबीवर, म्हणजे भोकाभोकांच्या सरावाच्या बोर्डवर, काम करणार. त्यावरचं तांबं नुसतं चिकटवलेलं असतं, आणि शिकाऊ हात बिट (आयर्नचं टोक) तीन सेकंदांऐवजी दहा सेकंद टेकवून ठेवतो. ६० वॅटला तांब्याची टिकली उचलून येते आणि अख्खा बोर्ड वाया जातो. बटण खाली ठेवा म्हणशील, पण डाख वितळत नाही असं वाटलं की पोरं पहिल्यांदा बटणच फिरवतात. २५ वॅटचं साधं, टोकदार बिटचं, तीन पिनी आयर्न घ्या. तीनशे रुपयांच्या आत-बाहेर मिळतं. बारा नगांचे ३०० वॅट, म्हणजे सव्वा अँपिअरच्या आसपास. शाळेतल्या साध्या ६ अँपिअरच्या पॉइंटवर आरामात चालतात, ट्रान्सफॉर्मरही नको.

डाख ६०/४० (कथील-शिसं), २२ गेजचा, आत रोझिन म्हणजे राळ असलेला. नळाला लावतात ती अॅसिडची पेस्ट कोणी आणली तर परत पाठवा, महिन्याभरात पार्टचे पाय हिरवे पडतात.

प्रेषक: अनुजा, खजिनदार

श्रीधर, वसंतकाका, मला न विचारता खरेदीच्या गोष्टी चालल्यात म्हणून लिहिते. वर्गाला मदत करणारं आपलं मंडळ ही परदेशी संस्था. तिने शाळेच्या ट्रस्टला पैसे दिले तर ते एफसीआरए, म्हणजे विदेशी देणग्यांच्या कायद्याखाली येतात, आणि वस्तू दिली तरी येतात. ट्रस्टला नोंदणी किंवा आधी घेतलेली परवानगी लागते, आणि पैसे दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या त्या एका शाखेतच यावे लागतात. या शाळेकडे यातलं काही नाही. मग ही बारा आयर्न कोणाच्या बॅगेतून, कोणाच्या नावाने गेली? समितीच्या इतिवृत्तात तर काहीच नाही.

ज्यांचा पासपोर्ट अजून भारतीय आहे त्यांनी स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेले पैसे विदेशी देणगीत धरत नाहीत. ओसीआयवाल्यांचे, म्हणजे परदेशी नागरिकत्व घेतलेल्यांचे, धरतात, मग ते जन्माने नौपाड्याचे का असेनात. आयर्न ठाण्यातल्यांनीच घ्यावीत, मंडळाचा त्यात एक डॉलर नको.

प्रेषक: श्रीधर, न्यू जर्सी

अनुजा, बॅग माझी होती. इतिवृत्तात नाही कारण त्या बैठकीचा कोरमच झाला नव्हता, विचारा अध्यक्षांना.

पण मूळ मुद्दा सुटतोय. इथले करिअर अकॅडमीवाले, म्हणजे हायस्कूलमध्येच एखाद्या उद्योगाचं काम शिकवणारे, उगाच यशस्वी झाले नाहीत. १९६९ मध्ये फिलाडेल्फियाच्या एका हायस्कूलमध्ये पहिली अकॅडमी निघाली तीच मुळी इलेक्ट्रिकलची, आणि पाठीशी वीज कंपनी होती. पुढे एमडीआरसी या संशोधन संस्थेने मुलांचा बरीच वर्षं माग काढला. परीक्षेच्या मार्कांत फरक दिसला नाही, पण शाळा सुटल्यावरच्या आठ वर्षांत अकॅडमीवाल्यांची कमाई वर्षाला सरासरी ११ टक्के जास्त निघाली. ब्रुकलिनच्या पी-टेक शाळेमागे २०११ पासून आयबीएम आहे. उद्योगाने सामान द्यायचं, माणसं द्यायची, तरच हे चालतं. आम्ही सामान दिलं तर इतिवृत्त विचारता!

प्रेषक: वसंत, ऐरोली

श्रीधर, फिलाडेल्फियात वीज कंपनी त्याच गावातली होती रे. आपल्या शेजारी रबाळे-महापेचे कारखाने आहेत, पलीकडे वागळे इस्टेट, १९६२ पासूनची. मेंटॉर तिथून मिळतात, आणि शनिवारी मुलाच्या मागे उभे राहू शकतात. १९८३ मध्ये सुरू झालेल्या पाबळच्या विज्ञान आश्रमात डॉ. कलबागांनी हेच तर चालवलं: आठवड्यातला एक दिवस कामाचा, आणि शिकवणारा जमेल तेवढा गावातलाच.

कारखान्यात नेण्याबद्दल मागे कोणीतरी विचारलं होतं. बघायला न्या, हरकत नाही. पण चौदा ते अठरा वयाच्या मुलांना धोक्याच्या कामावर लावायला कायद्याने बंदी आहे, आणि ‘शिकण्यासाठी प्रेसवर हात लावला’ हे कारण कोणी ऐकून घेत नाही. पिवळ्या पट्ट्याच्या अलीकडून बघणं एवढंच.

प्रेषक: सुप्रिया, वाशी

मी फक्त चौथ्या शनिवारचं बोलते. श्रीधरना स्क्रीनवर घेऊ म्हणत होतो. आपले सकाळचे ९ म्हणजे न्यू जर्सीत शुक्रवार रात्रीचे साडेअकरा, नोव्हेंबरचा पहिला रविवार झाला की साडेदहा. तेवढं ते जागतील. पण डाख बरोबर बसला का, हे वर्गाच्या कॅमेऱ्यात कधीच दिसत नाही. चांगला डाख चकचकीत आणि पायाभोवती उतरता असतो. ड्राय सोल्डर, म्हणजे नीट न धरलेला डाख, मळकट गोळ्यासारखा बसतो, आणि समोरून उजेड पडला की दोन्ही सारखेच चमकतात. फोन बोर्डाच्या वर वीतभर अंतरावर उलटा टांगायचा आणि टेबल-लॅम्प बाजूने तिरका लावायचा. असे दोनच बोर्ड एका वेळी दाखवता येतात. बाकीच्या दहा जोड्यांमागे माणूसच हवा.

प्रेषक: वसंत, ऐरोली

सुप्रिया बरोबर बोलली. चौथा शनिवार मी घेतो, श्रीधरने स्क्रीनवरून मोजमापाचा भाग घ्यावा.

२३० ची बाजू मुलांच्या हातात द्यायची नाही. ९ व्होल्ट, ५०० मिलिअँपिअरचे ट्रान्सफॉर्मर मी आधीच डब्यात बंद करून फ्यूजसकट आणतो, मुलांना बाहेरच्या दोन वायरीच दिसतील. पुढचं त्यांचं: चार १एन४००७ डायोड, १००० मायक्रोफॅरड २५ व्होल्टचा कंडेन्सर, ७८०५ (पाच व्होल्टचा रेग्युलेटर), आणि एलईडीला ३३० ओहम. नऊ व्होल्टच्या लाटेची टोकं १२.७, त्यातून दोन डायोडचे १.४ गेले की कंडेन्सरवर सव्वाअकरा. बिनलोडला, म्हणजे पुढे काही जोडलेलं नसताना, तेरा दिसले तर घाबरू नये. अर्धा अँपिअर घेतला तर ७८०५ मध्ये तीन वॅटवर उष्णता मुरते, म्हणून हीटसिंक (उष्णता ओढणारी पत्री) आधी, लोड नंतर.

चुका ठरलेल्या आहेत. कंडेन्सर उलटा लागतो आणि फुगून फुटतो, म्हणून चालू करताना चेहरा बोर्डावर नको आणि चष्मा सक्तीचा. ७८०५ च्या पायांचा क्रम उलटा लागतो. आणि मल्टिमीटरची लाल वायर १० अँपिअरच्या भोकात राहते, मग व्होल्ट मोजायला टेकवली की सरळ शॉर्ट. मागच्या बॅचला घोळ झाला तो हाच होता माधवी, मीटर खराब नव्हते. दर मोजणीआधी जोडीदाराने ‘लाल कुठे?’ विचारायचं.

प्रत्येक डबा पहिल्यांदा सिरीज बोर्डवरच लावायचा. मध्ये १०० वॅटचा जुना फिलामेंटचा बल्ब. पूर्ण पेटला तर आत शॉर्ट, नाही पेटला तर चालू द्या. एलईडी बल्ब लावून उपयोग नाही, तो थोड्या करंटवरही उजळतो आणि काहीच सांगत नाही.

प्रेषक: निखिल, घणसोली

काका, त्या अकरांचं काय करायचं मग?

प्रेषक: अनुजा, खजिनदार

ज्यांच्या बॅगेतून गेली त्यांच्या बॅगेतून परत. यादीत लिहून.

प्रेषक: माधवी, कळवा

ठरलं असं धरते. २५ वॅटची चौदा, म्हणजे दोन जादा. २२ गेजचा डाख अर्धा किलो, ओले स्पंज बारा, चष्मे २४. खर्च ठाण्यातल्या सहा जणांत. निखिल, तू उद्या ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडवरून आण, आणि प्रत्येक आयर्न दुकानातच लावून बघ. डाखात शिसं आहे, तेव्हा हात धुतल्याशिवाय खाऊचा डबा उघडायचा नाही, हे पालकांच्या चिठ्ठीत टाकलंय.

शंभरचा फिलामेंटचा बल्ब इथल्या तीन दुकानांत नाही. कोणाच्या माळ्यावर असेल तर कळवा.

प्रेषक: सुप्रिया, वाशी

आमच्याकडे दोन आहेत, देवघरातल्या जुन्या खोक्यात. एकाची तार तुटलीय बहुतेक, हलवल्यावर वाजतो. दुसरा आणते.