सूर्या शून्यावर गेला, पण काढला कोणी?

वर्धेकर८७

रणजीचं प्रक्षेपण बघताना कॅमेरा आणि कॉमेंट्री मोठ्या संघाकडे कलते असं तुम्हालाही वाटते का? की आमच्याच घरी विदर्भाचा चष्मा लागलाय?

फेब्रुवारी २०२५ ची सेमीफायनल, नागपूर, विदर्भ विरुद्ध मुंबई. पार्थ रेखडेनं एकाच षटकात रहाणे, सूर्यकुमार आणि शिवम दुबे, तिघांना घरी पाठवलं. एका षटकात! बाबा सोफ्यावरून उठून उभे राहिले, त्यांच्या हातातला चहा सांडला. आणि टीव्हीवर काय? सूर्या मान खाली घालून चाललाय, सूर्या पॅड सोडतोय, सूर्याचा फॉर्म, सूर्याची मागची खेळी. संध्याकाळी मोबाईलवर क्लिप आली, तिचा मथळा 'सूर्या शून्यावर बाद'. काढला कोणी, ते राहूनच गेलं.

दुसऱ्या दिवशी बाबांनी दुधाच्या हिशेबाची वही घेतली. एका पानावर डावीकडे 'सूर्या', उजवीकडे 'रेखडे', आणि कॉमेंट्रीत नाव आलं की एक रेघ. सूर्या तर आदल्या दिवशीच आऊट झालेला. तरी जेवणाच्या सुट्टीपर्यंत डावीकडे पाच-पाच रेघांचे चार जुडगे, उजवीकडे सुट्या तीन रेघा. आई म्हणाली, दुधाचा हिशेब कुठे लिहू आता?

मॅच आम्ही ८० धावांनी जिंकली, म्हणून रडगाणं नाही हे. पण काहून असं होते, कोणाला माहीत असेल तर सांगा.

दादरचा_नातू

भाऊ, मुंबईनं ४२ वेळा करंडक जिंकलाय, थोडं आमच्याबद्दल बोलले तर बोलू द्या की :)

पण खरं सांगू का, हा लाड मुंबईचा नाहीच. त्याच जानेवारीत बीकेसीला जम्मू-काश्मीरनं आम्हाला घरच्या मैदानावर पाच विकेटनं हरवलं. रोहित रणजी खेळतोय म्हणून मॅच लाइव्ह. त्याला उमर नझीरनं तीन धावांवर काढलं, आणि जल्लोषही केला नाही, कारण तो स्वतःच रोहितचा चाहता. नंतर दुसऱ्या डावात शार्दूलनं शतक ठोकून आमची लाज राखली. पण माझ्या ऑफिसात आठवडाभर विषय एकच, रोहितचं काय होणार. शार्दूलही मुंबईचाच ना? चेहरा विकला जातो, संघ नाही.

मिरजकर_मावशी

मी आवाज बंद करूनच बघते. रक्तदाब बरा राहतो.

केबलगुंडाळ्या

मी ओबी व्हॅनमध्ये (मैदानाबाहेर उभी असते ती प्रक्षेपणाची गाडी) रिप्लेवर काम केलंय (तुम्ही म्हणताय त्या मॅचला नव्हतो), म्हणून आतलं सांगतो. मुद्दाम पक्षपात करा असं हेडफोनवर कोणी सांगत नाही. घोळ आधीच झालेला असतो.

रणजीच्या एलीट म्हणजे वरच्या गटात ३२ संघ, म्हणजे एका फेरीला १६ सामने एकाच वेळी. त्यातले मोजकेच लाइव्ह जातात. मग कुठले? जिथे भारताकडून खेळणारा कोणी आहे ते. दिल्ली विरुद्ध रेल्वे आधी यादीत नव्हतीच, कोहली खेळणार म्हटल्यावर कॅमेरे गेले. आणि हिमांशू सांगवाननं त्याचा ऑफ स्टंप उडवला तेव्हा अर्धं मैदान रिकामं झालं. दिग्दर्शकानंही ते पाहिलंच असणार ना.

आता तुमचा रेखडे. विकेट पडली की पुढच्या चेंडूपर्यंतचा वेळ मला भरायचा असतो. सूर्याचं नाव टाकलं की शंभर क्लिपा येतात. रेखडेचं टाकलं तर त्याच सकाळच्या दोन. आधीच्या मॅच दाखवल्याच नाहीत, तर फूटेज येणार कुठून? कॉमेंटेटरच्या हातातही एक कागद असतो, त्यात सूर्यावर पानभर आणि रेखडेवर दीड ओळ: डावखुरा फिरकीपटू, विदर्भ. मग तो माणूस तीच दीड ओळ किती वेळा म्हणणार? शिवाय घरगुती मॅचला कॅमेरेही कमी. एक पॅव्हेलियनवर लावला की बोलरचा चेहरा टिपायला उरतो तो पार सीमारेषेवरचा.

क्लिपेचा मथळा मात्र वेगळ्या टेबलावर ठरतो. तिथे मीही हात जोडतो.

वर्धेकर८७

@केबलगुंडाळ्या, बाबांना वाचून दाखवलं. 'दीड ओळ' ऐकून ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, म्हणजे दाखवत नाही म्हणून फूटेज नाही, अन् फूटेज नाही म्हणून दाखवत नाही. बैल घाण्याला जुंपला राजेहो.

@दादरचा_नातू, चेहऱ्याचं मान्य. पण मग आमच्या विदर्भाच्या हर्ष दुबेचं काय? त्या एका मोसमात ६९ बळी, रणजीच्या इतिहासात एवढे कोणीच घेतले नव्हते. फायनलमध्ये आम्ही नागपूरच्या जामठा स्टेडियमवर पहिल्या डावातल्या ३७ धावांच्या आघाडीवर केरळकडून करंडक घेतला, तोही नेमका चॅम्पियन्स ट्रॉफीतल्या भारत-न्यूझीलंड सामन्याच्या रविवारी. आमच्या कॉलनीत फटाके वाजले ते रात्री, भारत जिंकल्यावर. दुपारी मी एकटाच शिट्टी मारत गच्चीवर गेलो होतो.

मे महिन्यात दुबेला हैदराबादनं बदली खेळाडू म्हणून घेतलं. पहिल्याच आयपीएल मॅचला लखनौचा मार्श त्यानं काढला. त्या विकेटचे इतके रिप्ले लागले की बाबांची वही उघडायचीच राहिली. नुसतं म्हणाले, चला, याची तरी क्लिप झाली आता.

वही आईनं परत घेतली. सूर्या-रेखडेच्या पानाच्या मागच्या बाजूला आता जूनचं दूध आहे.