संगणकशास्त्राच्या पहिल्या धड्यासाठी शिक्षकांना नेमके कशाचे प्रशिक्षण द्यावे?

खडूफळा
2020च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावीपासून कोडिंग सुचवले आहे, आणि शिक्षकाने वर्षाला किमान 50 तासांचे प्रशिक्षण घ्यावे अशीही अपेक्षा आहे. हे तास संगणक चालवायला शिकण्यात खर्ची पडू नयेत, असे माझे मत आहे. ते काम एमएस-सीआयटीने बऱ्याच अंशी केले. परंतु वर्गात यंत्रे थोडी आणि मुले पुष्कळ असताना कळफलक कोणाच्या हाती राहतो, हे पाहण्याची दृष्टी त्यातून आली नाही. घरी लॅपटॉप असलेला मुलगा पुढे सरसावतो, शेजारची मुलगी वहीत उतरवून घेते आणि तास छान झाल्याची नोंद होते. लॉस एंजेलिसमधील शाळांबाबत जेन मार्गोलिस आणि सहकाऱ्यांचे संशोधन 2008 साली पुस्तकरूपाने आले. त्यात यंत्रे असूनही कृष्णवर्णीय व लॅटिनो मुलांच्या वाट्याला बहुधा प्राथमिक वापरापलीकडचे फारसे येत नसल्याचे दिसले. त्यातून पुढे घडलेल्या ‘एक्सप्लोरिंग कॉम्प्युटर सायन्स’ या अभ्यासक्रमाच्या प्रशिक्षणात काही शिक्षक पाठ घेतात, बाकीचे विद्यार्थी होऊन बसतात, आणि नंतर कोणाला बोलायला मिळाले व कोण गप्प राहिले यावर चर्चा होते. मुंबईत असे प्रशिक्षण का होऊ नये?

पवईकर
आपला हेतू मान्य आहे, क्रम मान्य नाही. बीजगणित नुकतेच शिकू लागलेल्या मुलाला प्रोग्रॅममधली ‘क्ष = क्ष + 1’ ही ओळ सरळ चूक वाटते, आणि त्याचे तसे वाटणे योग्यच असते. येथे बरोबरचे चिन्ह समानता सांगत नसून उजवीकडची किंमत डावीकडच्या नावाखाली ठेवायला सांगते, हे ज्या शिक्षकाला स्वतःला उमगलेले नाही, तो ‘असेच लिहायचे असते’ म्हणून पुढे जातो. ज्याच्या घरी विचारायला कोणी आहे ते मूल त्यातून सावरते. धारावीतल्या किंवा गोवंडीतल्या ज्या मुलाला शाळेबाहेर विचारायला कोणीच नाही, त्याचा विषय तेथेच सुटतो. विषयाचे अज्ञान हीच सर्वांत मोठी विषमता आहे. आधी संगणकाचे पदवीधर शिक्षक नेमावेत.

खडूफळा
पदवीधर नेमले तरी तेही पहिल्या बाकाकडेच पाहून शिकवतील. दोन्ही गोष्टी एकाच पाठात शिकवता येतात. आपले हे उदाहरणच त्यासाठी उत्तम आहे.

निवृत्त मुख्याध्यापिका
आपण दोघेही शिक्षकाकडे वेळ आहे असे गृहीत धरता. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 27 नुसार जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक यांखेरीज अशैक्षणिक काम देता येत नाही. पण या तीन अपवादांतच किती दिवस जातात, ते शाळेत बसल्यावर कळते. शिवाय महापालिकेच्या शाळा 8 माध्यमांच्या आहेत. उर्दू किंवा तमिळ माध्यमाच्या बाईंना मराठी-इंग्रजीतले सादरीकरण दाखवून पाठवणी केली, तर समन्यायाची सुरुवात प्रशिक्षणाच्या खोलीतच फसते. यंत्रे येईपर्यंत टिम बेल यांच्या न्यूझीलंडमधील गटाने विकसित केलेल्या संगणकाविना कृती कराव्यात. व्हरांड्यात खडूने जाळे आखून, मुलांच्या हाती आकडे देऊन त्यांना क्रमाने लावणारा खेळ कोणत्याही माध्यमात घेता येतो.

पवईकर
बाई, याच सल्ल्याची मला धास्ती वाटते. खासगी शाळेतल्या मुलांना यंत्रे आणि पालिकेच्या मुलांना खडू, अशी वाटणी एकदा रूढ झाली की प्रशासनाला खरेदी पुढे ढकलायला शैक्षणिक कारण सापडेल. आणि स्वतः लिहिलेला प्रोग्रॅम चुकणे, ती चूक शोधणे, हा अनुभव व्हरांड्यात मिळत नाही.

निवृत्त मुख्याध्यापिका
मिळत नाही, हे खरे आहे. म्हणून खडूचा तास हा यंत्राच्या तासाआधीचा तास असावा आणि वेळापत्रकात दोन्ही शेजारी शेजारी छापलेले असावेत. दुसरा तास झाला नाही तर मुख्याध्यापकाने त्याचे कारण लेखी द्यावे. प्रशिक्षणानंतर मात्र दर महिन्याला कोणी तरी वर्गात येऊन बसले पाहिजे, आणि ते तपासणीसाठी नव्हे, कारण तपासनीस आला की हुशार मुलालाच कळफलकापाशी बसवले जाते.